स्पर्धेच्या रोबोटचा बोर्ड: काय सॉकेटमध्ये, काय सोल्डरमध्ये

पुसद, आर्वी, साकोली, मेहकर अशा ठिकाणच्या कॉलेजातून रोबोट घेऊन स्पर्धेला निघणाऱ्या टीमची अडचण पुण्या-मुंबईच्या टीमसारखी नसते. तिकडे मोटर ड्रायव्हर जळला तर संध्याकाळपर्यंत दुसरा हातात येतो. इकडे त्यासाठी नागपूरला बर्डीवर जावं लागतं, नाहीतर कुरिअरची वाट बघत बसावं लागतं. तेव्हा आपल्याकडच्या बोर्डाची रचना ठरवताना कमी जागेत जास्त पार्ट कसे मावतील हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे: काय बिघडतं, आणि मैदानाच्या कडेला बसून, पेटीतल्या सामानावर, ते किती मिनिटांत बदलता येतं?

स्पर्धेतला बोर्ड बहुतेक वेळा दोन कारणांनी बंद पडतो. एकतर काहीतरी जळतं: मोटर ड्रायव्हर, व्होल्टेज कमी करणारं बक मॉड्यूल, कधी कंट्रोलरची एखादी पिन. नाहीतर काहीतरी सैल होतं: जम्पर वायर, सॉकेटमधलं मॉड्यूल, टर्मिनलचा स्क्रू. या दोन आजारांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत. जळण्यावर उपाय सॉकेट, कारण बदलता येतं. सैल होण्यावर उपाय सोल्डर, कारण हलत नाही. ‘मॉड्युलर’ म्हणून सगळंच सॉकेटमध्ये लावलं की एसटीच्या प्रवासातच निम्मे जोड ढिले होतात, आणि सगळंच सोल्डर केलं की एक आयसी गेल्यावर पूर्ण बोर्ड जातो. म्हणून एकेक पार्ट हातात घेऊन ठरवायचं की हा जळणारा आहे की सैल होणारा. पुढची सगळी रचना याच एका प्रश्नावर उभी आहे.

उदाहरणाला एक ठरावीक रोबोट धरू. चार १२ व्होल्टच्या गिअर मोटर, ग्रिपरला दोन एमजी९९६आर सर्व्हो, चाक किती फिरलं ते मोजणारे दोन एन्कोडर, आठ डोळ्यांची लाइन सेन्सर पट्टी, कल आणि वळण मोजणारा एक एमपीयू६०५० सेन्सर, आणि मेंदू म्हणून ईएसपी३२ कंट्रोलर. बॅटरी तीन सेलची लिपो, म्हणजे पूर्ण चार्ज असताना १२.६ व्होल्ट.

मोटरचा करंट मदरबोर्डवर येऊच द्यायचा नाही

बोर्ड लहान ठेवण्याची खरी युक्ती इथे आहे. एक मदरबोर्ड, एक पॉवर कार्ड, दोन सारखी मोटर कार्डं आणि एक सेन्सर कार्ड असे भाग करा. बॅटरीची जाड वायर पॉवर कार्डात येते आणि तिथूनच थेट मोटर कार्डांना जाते. मदरबोर्डवर फक्त ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि सिग्नल.

कारण गणितात दिसतं. नेहमीच्या बोर्डवर तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. त्यावर बाहेरच्या थरातला ट्रॅक फक्त १० अंश तापावा असं वाटत असेल तर १ अँपियरला सुमारे ०.३ मिमी रुंदी पुरते, ५ अँपियरला २.८ मिमी लागते आणि १० अँपियरला ७ मिमीच्याही वर. करंट दहापट झाला की रुंदी वीसपटीच्या पुढे जाते. चार मोटरचा करंट मदरबोर्डवरून फिरवला तर अर्धा बोर्ड तांब्याच्या पट्ट्यांनीच भरतो. शिवाय ते १० अंश आजूबाजूच्या हवेच्या वर मोजायचे. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे हवाच ४५ अंशांची असते आणि टिनाच्या शेडखाली, बंद डब्यात त्याहून जास्त.

दुसरं कारण ग्राउंडचं आहे आणि ते जास्त छळतं. तांब्याच्या या थरात प्रत्येक चौकोनाला साधारण अर्धा मिलिओहम रोध असतो. २ मिमी रुंद आणि ८० मिमी लांब ट्रॅक म्हणजे ४० चौकोन, २० मिलिओहम. त्यातून १० अँपियर गेले की ०.२ व्होल्टचा फरक पडला. सेन्सरचं ग्राउंड त्याच ट्रॅकवर असेल तर ईएसपी३२ च्या १२ बिटच्या एडीसीत (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागात) हा फरक जवळपास २५० आकड्यांचा दिसतो. मग टेबलावर लाइन बरोबर पकडणारा रोबोट मोटर जोरात फिरताच लाइन सोडतो आणि टीम रात्रभर पीआयडीचे (लाइन धरून ठेवणाऱ्या गणिताचे) आकडे बदलत बसते. दोष पीआयडीत नसतोच. मोटरचं ग्राउंड आणि सेन्सरचं ग्राउंड फक्त एका जागी, पॉवर कार्डावर मोठ्या कॅपॅसिटरच्या वजा टोकाला, भेटू द्या.

पॉवर कार्ड

बॅटरीपासून क्रम असा: एक्सटी६० कनेक्टर, फ्यूज, उलट जोडणीपासून संरक्षण, आणि मग दोन फांद्या. एक फांदी मोटरकडे रिलेतून, दुसरी बक मॉड्यूलकडे सरळ.

फ्यूज गाडीतला ब्लेड फ्यूजच घ्या. तो तालुक्याच्या कुठल्याही ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो, रंगावरून ओळखता येतो (१० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा) आणि बोटांनी बदलता येतो. आपल्या रोबोटला चार मोटरचे जास्तीत जास्त साडेनऊ अँपियर आणि सर्व्होचे बॅटरीच्या बाजूने सुमारे तीन, म्हणजे १५ चा निळा बरोबर बसतो. काचेच्या नळीचा फ्यूज होल्डरमध्ये हलतो, तो टाळा.

एक्सटी६० उलट बसत नाही म्हणून संरक्षण नको असं समजू नका. बॅटरीच्या वायरला कनेक्टर हातानेच सोल्डर केलेला असतो आणि तिथेच लाल-काळं बदलतं. कनेक्टरची सपाट बाजू अधिकची, कोपरे कापलेली बाजू वजाची. संरक्षणाला डायोड लावला तर १० अँपियरवर अर्ध्या व्होल्टचा लचका म्हणजे ५ वॅट उष्णता. त्यापेक्षा आयआरएफ४९०५ हा पी-चॅनल मॉसफेट (ड्रेन, सोर्स, गेट असे तीन पाय असलेला, स्विचसारखा चालणारा ट्रान्झिस्टर) अधिकच्या वायरीत घाला: ड्रेन बॅटरीकडे, सोर्स बोर्डाकडे, गेट १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला. ड्रेन आणि सोर्स अदलाबदल झाले तर सगळं चालू राहतं पण संरक्षण मिळत नाही, आणि हे जळेपर्यंत कळत नाही. म्हणून सर्किट काढताना आतल्या डायोडचा बाण बोर्डाकडे आहे ना, हे बघा. त्याचा रोध सुमारे २० मिलिओहम, ६ अँपियरला पाऊण वॅटच्या आत उष्णता. छोटी हीटसिंक पुरते.

इमर्जन्सी बटणातून मोटरचा सगळा करंट नेऊ नका. गाडीच्या हॉर्नला किंवा हेडलाइटला असतो तो १२ व्होल्ट, ३० अँपियरचा चार पायांचा रिले घ्या. त्याचे ८५ आणि ८६ हे कॉइलचे पाय, ३० आणि ८७ हे संपर्काचे. लाल बटण कॉइलच्या वायरीत लावा, म्हणजे बटणाला दोनशे मिलिअँपियरच्या आतबाहेरच करंट सोसावा लागतो आणि वायरही बारीक चालते. कॉइलवर १एन४००७ डायोड उलटा जोडा. बटण दाबल्यावर मोटर थांबते पण ईएसपी३२ जिवंत राहतो आणि का थांबलं ते सांगू शकतो. रिले उघडतो त्या क्षणी फिरत्या मोटरची ऊर्जा बॅटरीत परत जाऊ शकत नाही. म्हणून एसएमबीजे१५ए हा टीव्हीएस डायोड रिलेच्या मोटरकडच्या बाजूला लावा. तो १५ व्होल्टपर्यंत गप्प बसतो आणि जोराचा झटका आला तर २४.४ व्होल्टच्या आसपास आवळतो. मोठा कॅपॅसिटर १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट, आणि १०५ अंशांचाच. ८५ अंश लिहिलेला कॅपॅसिटर आपल्या उन्हाळ्यात लवकर वाळतो. तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं.

बक मॉड्यूल दोन लागतात. कंट्रोलर आणि सेन्सरला ५ व्होल्टचं, त्यासाठी एलएम२५९६ चालतं. सर्व्होला ६ व्होल्टचं वेगळं, एक्सएल४०१५ वर बनलेलं. एमजी९९६आर अडकला की ६ व्होल्टवर अडीच अँपियरच्या आसपास ओढतो. तो झटका ईएसपी३२ च्या ५ व्होल्टवर पडला तर कंट्रोलर रिसेट होतो आणि सिरियल मॉनिटरवर ब्राउनआउटचा (व्होल्टेज पडल्याचा) संदेश येतो. हा संदेश दिसला की कोडमध्ये शोधू नका, पॉवरमध्ये शोधा.

या मॉड्यूलवरचा निळा ट्रिमपॉट (व्होल्टेज लावायचा स्क्रू) हा सैल होणाऱ्यांमधला सगळ्यात धोकादायक पार्ट. हादऱ्याने तो सरकला की ५ चे ७ व्होल्ट होतात. शक्य असेल तर ५ व्होल्टला कायम बांधलेला एलएम२५९६-५.० घ्या. नसेल तर व्होल्टेज लावून, लोड देऊन परत मोजून, स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका आणि वाळू द्या. बक मॉड्यूल जळणारं आहे, पण बारीक बर्गवर (पिनांच्या पट्टीवर) उभं केलं तर हलतं. त्यामुळे त्याच्या चार कोपऱ्यांतून जाड तार खाली सोल्डर करा आणि पूर्ण पॉवर कार्डच बदलता येईल असं ठेवा.

मोटर कार्ड

जळण्यात पहिला नंबर याचा, म्हणून जास्त डोकं इथे लावायचं. एल२९८एन हा ड्रायव्हर सगळीकडे मिळतो, पण १ अँपियरलाच त्याच्यात १.८ ते ३.२ व्होल्ट खर्च होतात. १२ व्होल्टच्या बॅटरीतला चौथा हिस्सा हीटसिंक तापवण्यात घालवणं स्पर्धेत परवडत नाही. टीबी६६१२ छान आहे, पण त्याची शिफारस केलेली कमाल मर्यादा १३.५ व्होल्ट आणि आपली बॅटरी १२.६, अंतर फारच थोडं. शिवाय सरासरी करंट १.२ अँपियरच. या आकाराच्या रोबोटला डीआरव्ही८८७१ बसतो: ६.५ ते ४५ व्होल्ट, ३.६ अँपियर पीक, आणि करंटची मर्यादा एका रेझिस्टरने ठरवता येते.

ती मर्यादा अशी काढा. मोटरच्या दोन वायरींमधला रोध मल्टीमीटरने मोजा. शाफ्ट हाताने थोडा थोडा फिरवत पाच-सहा जागी मोजा, सगळ्यात कमी आकडा घ्या आणि मीटरच्या वायरींचा रोध त्यातून वजा करा. समजा ५.३ ओहम आला. १२.६ ला ५.३ ने भागलं की साधारण २.४ अँपियर, हा अडकलेल्या मोटरचा करंट. डीआरव्ही८८७१ साठी ६४ ला किलोओहमने भागलं की मर्यादा अँपियरमध्ये मिळते. २७ किलोओहम लावला तर २.३७ अँपियर. चार मोटरचे साडेनऊ अँपियर वर धरले ते इथून आले.

‘३.६ अँपियर’ वाचून निर्धास्त होऊ नका. आतल्या दोन मॉसफेटचा मिळून रोध सुमारे ०.५६ ओहम आहे. २ अँपियर सतत गेले तर सव्वादोन वॅट उष्णता होते आणि चांगल्या बोर्डावरही आयसी प्रत्येक वॅटला सुमारे ४० अंश तापतो. म्हणजे ९० अंश. डब्यातली हवा ५५ अंशांची असेल तर आयसी आतून १४५ वर पोचला, आणि १५० च्या पुढे तो स्वतःला बंद करतो. नागपुरात फेब्रुवारीत नीट चाललेला रोबोट एप्रिलच्या सामन्यात मधूनच एक चाक सोडतो, त्यामागे हे असू शकतं. सतत चालण्याचा करंट सव्वा अँपियरच्या आत राहील अशी मोटर आणि गिअर निवडा. २ अँपियरच्या वरचा करंट ढकलताना, वळताना, क्षणभरासाठीच.

आयसीच्या पोटाखालची धातूची पट्टी सोल्डर होणं सक्तीचं आहे. कारखान्यातून बोर्ड येणार असेल तर तिथे ०.३ मिमीची आठ-नऊ छिद्रं आणि मागच्या बाजूला मोकळं तांबं ठेवा. हाताने सोल्डर करणार असाल तर पट्टीच्या मधोमध अडीच मिमीचं एक छिद्र ठेवा, आयसीचे पाय आधी जोडा, मग बोर्ड उलटा करून त्या छिद्रातून फ्लक्स आणि सोल्डर भरा. हॉट एअर गन नसलेल्या लॅबमध्ये हाच भरवशाचा मार्ग.

प्रत्येक कार्डावर दोन आयसी, ४७० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा एक कॅपॅसिटर, प्रत्येक आयसीच्या पायाशी १०४ नंबरचा (०.१ मायक्रोफॅरड) सिरॅमिक कॅपॅसिटर, आणि चारही इनपुटला ४.७ किलोओहम ग्राउंडकडे. हे रेझिस्टर वगळू नका. ईएसपी३२ चालू होताना काही पिना क्षणभर मोकळ्या असतात किंवा स्वतःहून सिग्नल सोडतात, आणि रोबोट स्टार्टच्या रेषेवर झटका खातो. बॅटरी कार्डावर एक्सटी३० ने येते, मोटर ५.०८ मिमीच्या स्क्रू टर्मिनलला जाते. टर्मिनलमध्ये वायर सोल्डर लावून घालू नका. सोल्डर हळूहळू दबतं आणि स्क्रू आपोआप ढिला पडतो. वायरच्या टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबा. मोटरच्या दोन टोकांवर १०४ चा कॅपॅसिटर मोटरवरच सोल्डर करा, कार्डावर नको.

एकूण आकार ५० बाय ३५ मिमी. डावं कार्ड आणि उजवं कार्ड अगदी एकसारखं हवं, म्हणजे राखीव ठेवलेलं एकच कार्ड कुठेही बसतं. एकाच बोर्डावर चार ड्रायव्हर ठेवले तर जागा वाचते हे खरं, पण मग राखीवही चारच्या जुडीने ठेवावे लागतात.

जोडणारी केबल

मदरबोर्ड आणि मोटर कार्ड यांच्यामध्ये १० पिनची एफआरसी (चपट्या पट्टीची) केबल. ती सगळीकडे मिळते, खाच असल्याने चुकीची बसत नाही, आणि कार्ड मोटरजवळ नेऊन लावता येतं. चूक होते ती केबल दाबताना: एका टोकाचा कनेक्टर उलटा दाबला जातो. म्हणून पिनांची मांडणीच अशी करा की केबल उलटी असली तरी काही जळणार नाही.

पिन १ आणि १० दोन्ही ग्राउंड. पिन २ वर ३.३ व्होल्ट, आणि तिच्या समोरची ९ मोकळी. ३, ४, ५, ६ हे मोटरचे चार सिग्नल. ७ ओळखीची पिन, ८ मोकळी. केबल उलटी झाली तर १ ची १०, २ ची ९, ३ ची ८ अशी अदलाबदल होते: ग्राउंड ग्राउंडलाच राहतं, ३.३ व्होल्ट मोकळ्या पिनेवर जातात.

ओळखीच्या पिनेचं काम असं. मदरबोर्डवर ती ४७ किलोओहममधून ३.३ व्होल्टला बांधा. मोटर कार्डावर तिला २२ किलोओहम ग्राउंडकडे द्या, सेन्सर कार्डावर ४७ किलोओहम. मग कंट्रोलरला १.०५ व्होल्ट दिसले तर मोटर कार्ड, १.६५ दिसले तर सेन्सर कार्ड, ३.३ दिसले तर कार्डच नाही. आणि केबल उलटी असेल तर ही पिन मोटर कार्डाच्या एका इनपुटच्या ४.७ किलोओहमला जाऊन भिडते आणि ०.३ व्होल्टच्या आसपास दिसतात. डीआरव्ही८८७१ अर्ध्या व्होल्टखाली ‘बंद’ समजतो, त्यामुळे चाकही हलत नाही. कोडमध्ये सुरुवातीलाच प्रत्येक कार्डाचा आकडा तपासा, जुळत नसेल तर मोटर चालवूच नका, लाल एलईडी लुकलुकवा. सामन्याच्या दोन मिनिटं आधी घाईत बदललेल्या कार्डासाठी ही तपासणी फार मोलाची आहे.

मदरबोर्ड आणि ईएसपी३२ च्या पिना

ईएसपी३२ सॉकेटमध्ये, कारण तो जळतो. एमपीयू६०५० सोल्डर, कारण त्याचा एक जोड हलला तरी रोबोटची दिशा चुकते. मल्टिप्लेक्सर (एकाच पिनेवर अनेक सिग्नल आळीपाळीने वाचू देणारा आयसी), रेझिस्टर, कॅपॅसिटर सगळे सोल्डर. ईएसपी३२ च्या सॉकेटला मशीनच्या गोल पिनचं नाही, साधं फीमेल बर्ग घ्या. बोर्डाच्या दोन्ही टोकांवरून एक केबल टाय मारा; बदलताना तो कापायचा.

लेआउट करण्याआधी हातातला ईएसपी३२ व्हर्नियरने मोजा. ३० पिनचा आणि ३८ पिनचा असे दोन प्रकार मिळतात, आणि सारख्याच दिसणाऱ्या बोर्डांतही दोन रांगांमधलं अंतर कधी २२.८६ मिमी तर कधी २५.४ मिमी असतं. कोणता प्रकार घ्यायचा ते एकदा ठरवून राखीवही त्याच प्रकारचा घ्या.

पिना वाटताना हे लक्षात ठेवा: ६ ते ११ आतल्या मेमरीच्या, त्यांना हात लावू नका. ३४, ३५, ३६, ३९ फक्त इनपुट आणि त्यांना आतला पुल-अप (पिन ३.३ व्होल्टकडे ओढणारा रेझिस्टर) नाही. १२ चालू होताना वर ओढली गेली तर बोर्ड सुरूच होत नाही, ती मोकळी सोडा. वाय-फाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही, म्हणून ॲनालॉग सगळं ३२ ते ३९ मध्येच. यातून वाटणी अशी निघते: मोटरला १६, १७, १८, १९, २३, २५, २६, २७, आय-स्क्वेअर-सी (एमपीयू६०५० ची दोन वायरींची जोडणी) २१ आणि २२ वर, एन्कोडर ३४, ३५, ३६, ३९ वर, प्रत्येकाला बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप, सर्व्हो ४ आणि १३. रोव्हर (WROVER) प्रकारच्या मॉड्यूलवर १६ आणि १७ आतच वापरलेल्या असतात, त्यामुळे रूम (WROOM) प्रकारच घ्या.

ॲनालॉगला पिना पुरत नाहीत, म्हणून ७४एचसी४०५१ हे दोन आठ-वाटांचे मल्टिप्लेक्सर. एक सेन्सर कार्डावर, आठ डोळ्यांसाठी. दुसरा मदरबोर्डवर, कार्डांची ओळख आणि बॅटरीचं व्होल्टेज वाचायला. दोघांच्या निवडीच्या तीन वायर एकच, पिन ५, १४ आणि १५ वर. उत्तर ३२ आणि ३३ वर. बॅटरीसाठी ३३ आणि १० किलोओहमचा विभाजक (व्होल्टेज ठरावीक प्रमाणात कमी करणारी रेझिस्टरची जोडी): १२.६ व्होल्टला २.९३ मिळतात, ९.९ ला २.३०. सेलमागे ३.३ व्होल्ट, म्हणजे एकूण ९.९ ला इशारा द्या. ९ च्या खाली गेलेली लिपो परत पूर्वीसारखी होत नाही.

एन्कोडरला ३.३ व्होल्टच द्या. ५ व्होल्टशिवाय चालत नसेल तर प्रत्येक सिग्नलला १० आणि २० किलोओहमचा विभाजक लावा, आणि मग त्या पिनेचा पुल-अप काढून टाका. ईएसपी३२ च्या पिना ५ व्होल्ट सोसणाऱ्या नाहीत. ईएसपी३२ च्या बोर्डावर व्हीआयएन लिहिलेलं असतं म्हणून तिथे बॅटरी जोडण्याची चूकही नेहमीची आहे. आतला रेग्युलेटर जास्तीचं सगळं व्होल्टेज उष्णतेत घालवतो: अर्ध्या अँपियरला ४ वॅटच्या वर. ५ व्होल्टच द्या, आणि वाटेत एसएस३४ डायोड ठेवा, म्हणजे बॅटरी आणि यूएसबी एकाच वेळी लागले तरी करंट लॅपटॉपकडे उलटा जात नाही.

मोठ्या करंटच्या बीटीएस७९६० मॉड्यूलवर कधी जायचं झालंच तर एक गोष्ट: त्याच्यावरचा ७४एचसी२४४ हा बफर ५ व्होल्टवर चालवला की ‘चालू’ समजायला साडेतीन व्होल्ट मागतो आणि ईएसपी३२ देतो ३.३. कधी चालतं, कधी नाही. त्या मॉड्यूलच्या लॉजिकच्या व्हीसीसीला ३.३ व्होल्ट द्या, प्रश्न सुटतो.

बोर्ड बनवून घेणं

बोर्डाचा लेआउट काढायला कायकॅड हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. मदरबोर्ड १०० बाय ८० मिमीत बसतो. १०० बाय १०० च्या आत राहिलं की बहुतेक ठिकाणी स्वस्तातला दर लागतो. त्याच बोर्डात मोटर कार्ड घुसवण्याचा मोह टाळा, ते वेगळं मागवा, कारण त्याचे नग जास्त लागतात. फाइल पाठवण्याआधी लेआउट कागदावर मूळ आकारात छापा आणि खरे पार्ट त्यावर ठेवून बघा. कनेक्टर एकमेकांना घासतात, यूएसबीची पिन आत जायला जागा उरत नाही, स्क्रूचं डोकं ट्रॅकवर येतं, हे सगळं इथे कळतं. सॉफ्टवेअरची तपासणी यातलं बरंच काही सांगत नाही.

पहिला नमुना घरी करायचा तर मदरबोर्ड झिरो पीसीबीवर (तयार छिद्रांच्या बोर्डावर), मोटर कार्ड फेरिक क्लोराइडमध्ये एचिंग करून, म्हणजे नको असलेलं तांबं विरघळवून. घरच्या एचिंगला ट्रॅक ०.८ मिमीच्या खाली नेऊ नका, आणि बर्गला छिद्र १ मिमीचं पाडा. पिन चौकोनी असते, ०.८ च्या छिद्रात अडकते. कागदावरची ट्रॅकची छाप इस्त्रीने उमटवताना व्होल्टेज कमी असेल तर इस्त्री पुरेशी तापत नाही आणि टोनर अर्धवट चिकटतो. संध्याकाळी पंपांचा लोड असतो तेव्हा हे काम ठेवू नका, दुपारी करा. वापरलेलं फेरिक क्लोराइड नालीत ओतायचं नाही, प्लॅस्टिकच्या बाटलीत झाकून ठेवायचं. ते बऱ्याच वेळा परत चालतं.

जोडणी झाल्यावर सोल्डरच्या बाजूला नेलपॉलिशचा पातळ थर द्या. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि सरकीचा तंतू ओल धरतात. कनेक्टर आणि बटणांवर थर येऊ देऊ नका. मोठे कॅपॅसिटर सिलिकॉनने बोर्डाला चिकटवा. ग्लू गनचा गोंद उन्हात तापलेल्या गाडीत मऊ पडतो. सिलिकॉन मात्र व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातल्या ॲसिडने तांबं खराब होतं. न्यूट्रल प्रकारचं मागा.

पहिल्यांदा चालू करताना

लॅबमध्ये करंट मर्यादित करणारा पॉवर सप्लाय नसेल तर ऑटो पार्टच्या दुकानातून १२ व्होल्ट २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणा आणि बॅटरीच्या अधिक वायरीत मालिकेत जोडा. शॉर्ट असेल तर बल्ब पेटेल आणि करंट पावणेदोन अँपियरवर थांबेल, आयसी वाचेल. कॅपॅसिटर भरताना तो क्षणभर मिणमिणतो, ते ठीक आहे.

आधी पॉवर कार्ड एकटं. ५ व्होल्टवर १० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून अर्धा अँपियर ओढा आणि पाच मिनिटांनी परत मोजा. मग ईएसपी३२ न लावता मदरबोर्ड, आणि सॉकेटच्या प्रत्येक पिनेवर व्होल्टेज. मग ईएसपी३२ लावून ओळखीच्या पिनांचे आकडे. मग एक मोटर कार्ड, चाकं हवेत. मोटर फिरायला लागल्यावर बल्ब काढा. त्याच्यातच व्होल्टेज पडत असतं. पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा चालू-बंद सिग्नल) २० किलोहर्ट्झवर ठेवा, म्हणजे मोटर किणकिणत नाही. रिमोटकडून ३०० मिलिसेकंद काही आलं नाही तर मोटर बंद, ही ओळ पहिल्याच दिवशी लिहा. शेवटी प्रत्येक मोटर हाताने दोन सेकंद अडवून बघा: कंट्रोलर रिसेट होता कामा नये आणि ९.९ व्होल्टचा इशारा लागता कामा नये. इशारा लागला तर बॅटरी जुनी आहे किंवा कुठलातरी जोड कच्चा आहे. करंट चालू असताना मीटर बॅटरीच्या टोकापासून एकेक जोड पुढे सरकवत जा, व्होल्टेज जिथे पडतं तो जोड सापडतो.

पेटीत राखीव म्हणून दोन मोटर कार्डं, एक पूर्ण पॉवर कार्ड, प्रोग्राम टाकलेला एक ईएसपी३२, दोन एफआरसी केबल, निळे फ्यूज पाच, एक रिले आणि केबल टाय. प्रत्येक राखीव कार्ड रोबोटवर लावून, दहा मिनिटं चालवून मगच पेटीत ठेवा, आणि त्यावर तारीख आणि रेझिस्टरची किंमत मार्करने लिहा. जळालेलं कार्ड पेटीत परत टाकू नका; त्यावर लाल टेप लावून वेगळ्या पिशवीत ठेवा, घाईत तेच हाताला येतं.